जुने नकाशे आणि आपल्या गावाचा शोध

प्रयोजन

इयत्ता पाचवीच्या मुलाला पानिपत कोणत्या दिशेस आहे ते सांगता येते. परंतु आपल्या गावची जुनी वेस कोठे होती, बाजाराची वाट कोणत्या ओढ्यातून जात असे, आपले पणजोबा याच गावचे की बाहेरून येऊन राहिलेले, असे विचारले असता तो गप्प राहतो. यात दोष मुलाचा नाही. गावाचा इतिहास पाठ्यपुस्तकात छापलेला नसतो, आणि तो शिकविण्याची साधने खेड्यातील शिक्षकाच्या हाती फारशी नव्हती. जुने नकाशे दूरदूरच्या ग्रंथालयांत व सरकारी दप्तरांत पडून होते. गेल्या पंचवीस वर्षांत ही स्थिती पालटली आहे. अनेक ग्रंथालयांनी व सरकारी खात्यांनी आपल्या संग्रहातील नकाशे इंटरनेटवर खुले केले असून शाळेतील एका संगणकावर, किंवा शिक्षकाच्या खिशातील मोबाईलवरही, ते पाहता येतात.

तथापि नकाशा हाती आला म्हणजे इतिहास हाती आला, असे समजू नये. नकाशा जागा सांगतो. माणसे सांगत नाही. माणसांची माहिती गावातील वृद्धांपाशी आहे, आणि ती त्यांच्याबरोबर संपणार आहे. नकाशावरील ठिपका व वृद्धांची आठवण यांची गाठ घालून देणे हे काम गावात शिक्षकाइतके सुलभपणे दुसऱ्या कोणास करता येणार नाही. ते कसे करावे याचे दिग्दर्शन या पाठात केले आहे.

नकाशे कोठे पाहावेत

(१) जगातील अनेक ग्रंथालयांतील नकाशे एकत्र शोधण्याची सोय ‘ओल्ड मॅप्स ऑनलाइन’ या संकेतस्थळावर आहे. गावाचे किंवा तालुक्याचे नाव घातले की त्या भूभागाचे कोणकोणते नकाशे उपलब्ध आहेत त्यांची यादी समोर येते.

(२) ‘डेव्हिड रम्से नकाशा संग्रह’ यात एक लाखाहून अधिक नकाशे आहेत. त्यांतील पुष्कळसे नकाशे आजच्या नकाशावर ठेवून वरचा नकाशा हळूहळू पारदर्शक करता येतो. जुनी वाट व आजचा रस्ता यांची तुलना मुलांना दाखविण्यास ही सोय फार उपयुक्त आहे.

(३) अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने अमेरिकन लष्कराच्या नकाशा विभागाचे १९५०च्या दशकातील भारताचे नकाशे खुले ठेवले आहेत. त्यांचे प्रमाण १ : २,५०,००० असे आहे; म्हणजे कागदावरील एक सेंटिमीटर बरोबर जमिनीवरील अडीच किलोमीटर. लहान वाड्यावस्त्या यांत आढळणार नाहीत, परंतु मोठी गावे, नद्या, लोहमार्ग व गाडीवाटा स्पष्ट दिसतात. आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने या नकाशांचे महत्त्व विशेष आहे. त्याचे कारण पुढे येईल.

(४) भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ मध्ये झाली. या विभागाचे १ : ५०,००० प्रमाणाचे खुल्या मालिकेतील नकाशे नोंदणी करून घेता येतात. विभागाच्या जुन्या क्रमांकपद्धतीप्रमाणे नगर, संगमनेर व राहुरी हा भाग ४७-आय या पत्रकात येतो. श्रीगोंदे ४७-जे मध्ये, शेवगाव ४७-एम मध्ये व जामखेड ४७-एन मध्ये पडते. अशा प्रत्येक पत्रकाचे पुढे सोळा भाग पाडलेले असतात. जुना नकाशा शोधताना हे क्रमांक जवळ असावेत.

(५) गावाच्या शेतजमिनीचे नकाशे राज्य शासनाच्या ‘महाभूनकाशा’ या संकेतस्थळावर पाहावेत. जुने सातबारा उतारे व फेरफार यांच्या प्रतिमा ‘आपले अभिलेख’ येथे शुल्क भरून मिळतात. मात्र आपल्या तालुक्याचे कोणते अभिलेख तेथे चढविले आहेत ते प्रथम पाहून घ्यावे. मूळ गावनकाशा, टिपणे व आकारबंद यांसाठी तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयाकडे रीतसर अर्ज करावा.

नकाशा वाचण्यापूर्वी

कोणताही जुना नकाशा वर्गात नेण्यापूर्वी त्याला दोन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न काळाचा. नकाशावर छपाईचे वर्ष असते, पण मोजणी त्याच्या कित्येक वर्षे आधी झालेली असू शकते. समासातील बारीक अक्षरे वाचल्यास मोजणीचे वर्ष बहुधा सापडते. ते न सापडल्यास नकाशातील खुणांवरून काळ ठरवावा. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. ज्या नकाशावर तो नाही, त्यातील माहिती बहुधा त्यापूर्वीची समजावी. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले. प्रवरेच्या उगमाकडे जलाशय दाखविलेला असेल तर नकाशा त्यानंतरचा. नाशिक जिल्हा १८६९ मध्ये स्वतंत्र झाला; नाशिकचा प्रदेश नगर जिल्ह्यात दिसत असेल तर माहिती त्यापूर्वीची. १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरात या जिल्ह्याचे अकरा तालुके आहेत. आज ते चौदा आहेत. अशी चार-पाच वर्षे मुलांकडून पाठ करून घेण्याऐवजी त्यांना एक विनावर्षाचा नकाशा द्यावा व त्याचे वय काढण्यास सांगावे. मुले हे काम कोडे सोडविल्याच्या उत्साहाने करतात.

दुसरा प्रश्न प्रमाणाचा. पडद्यावर नकाशा लहानमोठा होतो. म्हणून ‘एक इंचास एक मैल’ हे शब्द तेथे निरुपयोगी ठरतात. समासात काढलेली प्रमाणपट्टी नकाशाबरोबरच लहानमोठी होते. अंतर मोजताना तिचाच आधार घ्यावा. गावनकाशाची मूळ प्रत मिळाल्यास गणिताच्या तासालाही तिचा चांगला उपयोग होईल. जुने गावनकाशे बहुशः आठ इंचांस एक मैल या प्रमाणात आहेत. मोजणीची साखळी तेहेतीस फुटांची. म्हणजे एक इंचात वीस साखळ्या किंवा ६६० फूट येतात. यावरून कागदावरील एक चौरस इंच म्हणजे जमिनीवरील बरोबर दहा एकर होतात. तेहेतीस फूट लांब व तितक्याच रुंद जागेचा एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर, हे कोष्टक मुले घोकतात. ते कोठून आले हे त्यांना या साखळीवरून समजेल.

नमुना पाठ : बेलापूर व श्रीरामपूर

प्रारंभ आपल्या गावापासून न करता सर्वांच्या परिचयाच्या एखाद्या ठिकाणापासून करावा. त्यासाठी श्रीरामपूरचे उदाहरण सोयीचे आहे. दौंड-मनमाड मार्ग झाल्यानंतरच्या जुन्या नकाशांत प्रवरेकाठी बेलापूर हे गाव दिसते, त्याच्या उत्तरेस काही अंतरावर त्याच नावाचे रेल्वे स्थानक दिसते, आणि श्रीरामपूर मात्र कोठेच दिसत नाही. मुलांना विचारावे : स्थानक गावापासून दूर का? श्रीरामपूर कोठे गेले? ते केव्हा आले?

उत्तराकडे मुलांना पायरीपायरीने न्यावे. लोहमार्ग गावाजवळून न जाता माळावरून गेला. स्थानकास जवळच्या मोठ्या गावाचे नाव मिळाले. पुढे प्रवरेचे कालवे आले, कालव्यांपाठोपाठ ऊस आला, आणि हरेगाव येथे बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. गूळ, साखर व धान्य यांची चढउतार स्थानकावर होऊ लागली. पेढ्या, वखारी व घरे तेथे वाढली. आणि त्या वस्तीचे पुढे श्रीरामपूर शहर झाले. स्थानकाचे नाव मात्र बेलापूर हेच राहिले. नवख्या प्रवाशास बुचकळ्यात टाकणारे हे नाव म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या नकाशाचा शिल्लक राहिलेला तुकडाच होय. पाणी, पीक व वाहतूक यांच्या योगाने वस्ती कशी सरकते, हा भूगोलातील सिद्धान्त मुलांना येथे आपोआप उमगतो.

नावांची पारख

जुने नकाशे इंग्रजीत आहेत, व मोजणीदाराच्या कानाने ऐकलेली नावे त्यांत आली आहेत. शेवगाव हे जुन्या इंग्रजी लेखनात ‘शिओगाव’ असे वाचावे लागते. अकोले हे ‘अकोला’ असे लिहिलेले असते. विदर्भातील अकोला ते हे नव्हे, हे ध्यानात ठेवावे. श्रीगोंद्याचे जुने नाव चांभारगोंदे असे कागदपत्रांत येते. जिल्ह्याचे अहमदनगर हे नाव २०२४ मध्ये बदलून अहिल्यानगर झाले. जुना नकाशा शोधताना अर्थातच जुने नाव घालावे लागेल. एकाच नावाची बुद्रुक व खुर्द अशी दोन गावे असल्यास नदी, डोंगर व शेजारची गावे पाहून खात्री करावी. गाव सापडले नाही म्हणून ते नव्हतेच, असा निष्कर्ष लगेच काढू नये. प्रथम नाव तीन-चार प्रकारे लिहून पाहावे.

राज्याच्या सीमाही पाहाव्यात. जामखेड तालुक्यातील पुष्कळ गावे निजामाच्या मुलखात विखुरलेली होती. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले व अशा बेटवजा गावांची अदलाबदल १९५० मध्ये झाली. त्यामुळे आज दोन कोसांवर असलेले आजोळ त्या काळी दुसऱ्या राज्यात असू शकते, आणि तेथील जुने कागद उर्दूत असू शकतात.

ओसाड व बुडालेली गावे

सर्वेक्षण विभागाच्या नकाशांत वसलेल्या गावाप्रमाणे ओसाड गावालाही स्वतंत्र चिन्ह आहे. महसुली दप्तरात अशा गावास ‘बेचिराख’ म्हणतात. शेतकरी त्या जागेस ‘पांढरी’ म्हणतो. अशी जागा आढळल्यास तिची उपेक्षा करू नये. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या डाव्या तीरावरील दायमाबाद हे असेच ओसाड गाव. तेथील प्राचीन वस्तीचा शोध १९५८ मध्ये लागला, १९७४ मध्ये तेथे काशाच्या प्रसिद्ध मूर्ती सापडल्या, व ताम्रपाषाणयुगातील एक महत्त्वाची वसाहत म्हणून ते नाव आज सर्वत्र अभ्यासले जाते. संगमनेर तालुक्यातील जोर्वे या गावाचे नाव तर एका संपूर्ण प्राचीन संस्कृतीस मिळाले आहे. प्रत्येक पांढरीत काही दायमाबाद दडलेले नसते. पण प्रत्येक पांढरी कोणाचे तरी गाव होती, एवढे मुलांना समजले तरी पुष्कळ झाले. मात्र तेथे खणणे किंवा वस्तू उचलून आणणे सर्वथा वर्ज्य मानावे. काही आढळल्यास जागा नकाशावर नोंदवून ग्रामपंचायतीमार्फत तहसीलदारांना कळवावे.

आता ज्या कारणासाठी १९५०च्या दशकातील नकाशांचे महत्त्व वर सांगितले, त्याकडे वळू. जायकवाडी प्रकल्पाचा पाया १९६५ मध्ये घातला गेला व १९७६ मध्ये त्याचे उद्‌घाटन झाले. पैठणच्या या जलाशयाखाली शेवगाव व नेवासे तालुक्यांतील गोदाकाठची गावे व जमिनी गेल्या. राहुरी तालुक्यात मुळा धरणानेही अनेक कुटुंबांस घर सोडावयास लावले. पाण्याने मराठवाड्यातील व आपल्या जिल्ह्यातील मोठ्या प्रदेशाची तहान भागली, हे खरे आहे. आणि त्यासाठी कोणाचे तरी गावठाण, विहिरी, देवळे व स्मशाने पाण्यात गेली, हेही तितकेच खरे आहे. त्या कुटुंबांची नातवंडे आज पुनर्वसित गावठाणातील आपल्याच शाळांत शिकत आहेत. त्यांना आजचा नकाशा दाखवून ‘तुझे मूळ गाव दाखव’ असे म्हटले तर त्यांचे बोट निळ्या रंगावर थांबते. धरणापूर्वीच्या नकाशावर मात्र तेथे नदीचा काठ आहे, वाट आहे आणि गावाचे नाव आहे.

हा नकाशा मोठा करून छापावा व तो घेऊन वृद्धांकडे जावे. त्यावर चावडी, वेस, पार, उतार, नावेची जागा, शेतांची नावे यांपैकी बहुतेक काहीच नसते. ते सारे त्यांच्याकडून विचारून पेन्सिलीने भरावे. १९७६ साली जी व्यक्ती वीस वर्षांची होती ती आज सत्तरीला आली आहे. तिच्याहून वडील माणसे थोडीच उरली आहेत. आणखी दहा-पंधरा वर्षांनी नकाशा तसाच राहील, परंतु त्यावरील रिकाम्या जागा भरणारे कोणी राहणार नाही. म्हणून ज्या शाळांत धरणग्रस्त कुटुंबांची मुले आहेत, त्यांनी हे काम पुढील वर्षावर टाकू नये.

ज्या गावांत धरण नाही तेथेही असाच उपक्रम करता येईल. १९५०च्या दशकातील नकाशावर नसलेला तलाव आज दिसत असेल, तर तो १९७२च्या दुष्काळातील कामाचा आहे काय, हे विचारावे. त्या तलावाच्या बांधावर माती वाहिलेली माणसे गावात अजून भेटतील.

घराण्याचा शोध

घराण्याचा इतिहास म्हणजे केवळ जमीनजुमला असलेल्यांचा इतिहास, अशी समजूत होण्याचा संभव असतो. कारण दप्तरात नाव जमिनीमुळे येते. शेतमजूर, भटकी कुटुंबे, ऊसतोडीस जाणारी कुटुंबे यांच्या मुलांना सातबारा आणावयास सांगितल्यास ती खाली मान घालतील. यासाठी प्रारंभ असा करावा की, ज्यात प्रत्येक मुलाला भाग घेता येईल. प्रत्येक मुलाने घरी विचारून आईचे माहेर, आजीचे माहेर व, ठाऊक असल्यास, पणजीचे माहेर लिहून आणावे. वर्गाच्या मोठ्या नकाशावर आपल्या गावापासून त्या त्या गावांपर्यंत रेघा ओढाव्यात. आईच्या पिढीसाठी एक रंग, आजीच्या पिढीसाठी दुसरा.

मग जुन्या नकाशाशी ताडून पाहावे. आजीच्या पिढीतील सोयरिकी नदीच्या एकाच काठाला आहेत काय? त्या कोणत्या आठवड्याच्या बाजाराभोवती आहेत? आईच्या पिढीत रेघा लांब गेल्या असतील, तर मध्यंतरी कोणता रस्ता किंवा पूल झाला? जमिनीच्या दप्तरात स्त्रियांची नावे क्वचितच येतात. या नकाशात मात्र सर्व रेघा त्यांच्याच प्रवासाच्या आहेत. याहून सोपे व याहून खरे असे गावाचे चित्र दुसरे सापडणे कठीण.

मूळ गावाचे नाव निश्चित झाले की पुढील दारे उघडतात. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांत आडनाव व गाव यांवरून नोंदी शोधतात. मूळ गाव ठाऊक नसेल तर शोध अडतो. शाळेचे जनरल रजिस्टर हेही मोलाचे साधन आहे. त्यात मुलाचे नाव, जन्मतारीख व जन्मस्थळ असते. जुन्या शाळांतून अशी रजिस्टरे कित्येक पिढ्यांची आहेत. ती वाळवीपासून व ओलीपासून जपणे हे मुख्याध्यापकांचे कर्तव्यच होय. जमिनीचा माग काढताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. १९४७च्या कायद्यानुसार ज्या गावांत जमिनींचे एकत्रीकरण झाले, तेथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजोबांच्या कागदातील नंबर आजच्या नकाशावर शोधल्यास भलतेच शेत निघेल. दोहोंचा मेळ एकत्रीकरण योजनेच्या पत्रकांवरून घालावा.

सावधगिरी

(१) शाळेत पाहिलेल्या नकाशावरून बांधाचा किंवा शिवेचा वाद सोडवू नये, व तसा सल्लाही कोणास देऊ नये. हद्द ठरविणे हे सरकारी मोजणीचे काम आहे.

(२) नकाशा जमिनीशी ताडून पाहावा. जुन्या व नव्या नकाशांत ओढा थोडा सरकलेला दिसल्यास तो खरोखर सरकला, की मोजणीतील फरक आहे, हे प्रत्यक्ष जागेवर जाऊन व विचारपूस करून ठरवावे.

(३) ज्या मुलाच्या घरी आई किंवा वडील नाहीत, किंवा ज्याला माहिती देणे अवघड वाटते, त्याच्यावर आग्रह करू नये. त्याच्याकडे नकाशाला रंग देण्याचे किंवा खुणा लिहिण्याचे काम द्यावे.

(४) जात, कर्ज, जमिनीची मालकी व घरातील वाद यांसंबंधीची माहिती भिंतीवरील तक्त्यावर लिहू नये.

(५) वृद्धांनी सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे सांगणाऱ्याचे नाव, वय व तारीख लिहावी. दोघांचे सांगणे जुळत नसेल तर दोन्ही लिहून ठेवावे. एक खोडून दुसरे ठेवू नये.

स्वाध्याय व उपक्रम

(अ) आपल्या गावाचा समावेश असलेला धरणापूर्वीचा किंवा १९५०च्या दशकातील एक नकाशा शोधून त्याची प्रत शाळेत लावावी. खाली प्रमाण, वर्ष व तो कोठून घेतला ते लिहावे.

(आ) जुन्या व आजच्या नकाशांतील पाच फरक मुलांकडून काढून घ्यावेत, व प्रत्येक फरकाचे कारण गावातील एका व्यक्तीस विचारून यावे.

(इ) गावातील शेते, ओढे, टेकड्या व पाणंदी यांची बोलीतील नावे गोळा करून गावनकाशावर भरावीत. ही नावे इंग्रजी नकाशांत नाहीत व नव्या उताऱ्यांतही क्वचितच आहेत.

(ई) आजीच्या माहेरांचा नकाशा तयार करून ग्रामसभेच्या दिवशी लोकांना दाखवावा. नकाशा पाहून वृद्ध माणसे आपण होऊन सांगू लागतात. त्या वेळी वही व पेन्सिल घेतलेला एक विद्यार्थी तेथे उभा असावा.

(उ) सर्व माहितीची एक वही करून ती शाळेच्या दप्तरात ठेवावी, व शिक्षकाची बदली झाल्यास इतर कागदपत्रांबरोबर ती पुढील शिक्षकाच्या स्वाधीन करावी. शिक्षक येतात व जातात. वही शाळेत राहिली तर पुढील पिढीतील मुलाला आपले गाव पुन्हा पहिल्यापासून शोधावे लागणार नाही.